रेती क्लब

त्या ट्रकचा आवाज घरात सगळ्यांत आधी आईला ऐकू यायचा. रविवारी उजाडताना ती चुलीपुढे बसून दशम्या भाजत असायची आणि मध्येच हातातलं उलथनं तसंच धरून म्हणायची, "आला गं. फाटकापर्यंत आलाय." आम्हाला काहीच ऐकू येत नसे. दूधवाल्याच्या किटल्यांचा आवाज, शेजारच्या विहिरीचा रहाट, कावळे, बस्स. मग थोड्या वेळाने रेल्वेच्या फाटकाकडून खरोखरच घरघर सुरू व्हायची, ती वाढत वाढत आमच्या गल्लीत शिरायची आणि खिडकीच्या तावदानांना थरथर सुटायची. दुधात मळलेल्या दशम्या आई धुतलेल्या पंच्यात गुंडाळायची, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवायची. बाबा वर्तमानपत्र खाली न करता त्याच्या आडूनच म्हणायचे, "आले. रेती क्लबाचे सभासद आले." हे नाव बाबांनीच ठेवलेलं. ठेवताना त्यात कुत्सितपणा होता, पण सभासदांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते उचलूनच धरलं.

सभासद चारच. एक माझे काका, श्रीधर. दुसरा कांजूर गावचा जुझे, काकांबरोबर घाटकोपरच्या एका मोटार गॅरेजमध्ये काम करायचा. त्याच्या घरची भातशेती होती, चर्चच्या मागे मोठं अंगण होतं, आणि ट्रक त्याच अंगणात चिंचेखाली उभा असायचा. तिसरे रमणिकभाई. आमच्या मुलुंडलाच त्यांची लाकडाची वखार होती, आणि त्यांना ट्रकमधलं अक्षरही कळत नव्हतं, पण मागच्या फळीवर पाय सोडून बसायला जगात दुसरं सुख नाही असं ते म्हणायचे. आणि चौथी मी. मुलीच्या जातीने असल्या धंद्यात कशाला, असं कुणी कुणी म्हणे. पण काकांनी आईला सांगून टाकलं होतं की कुमीला नेल्याशिवाय मी जात नाही. आणि आईने कधी नाही म्हटलं नाही.

ट्रक म्हणजे लढाई संपल्यावर सरकारने विकून टाकलेला लष्करी माल, डिस्पोजलचा. बोजड नाक, वर फाटकं ताडपत्रीचं छप्पर, दारांच्या जागी नुसती भोकं. त्याला वरून हिरवा रंग होता, पण कुठे टवका उडाला की खालून पिवळट, वाळूच्या रंगाचा थर दिसायचा. काकांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते नखाने खरवडून बराच वेळ पाहत राहिले. हा माझ्यासारखाच आहे, एवढंच म्हणाले. लढाईत काका तिकडे आफ्रिकेच्या वाळवंटात अशाच गाड्या चालवत होते. पाणी, पेट्रोल, पाव, जे द्यावं ते पुढे पोचवायचं. परत आल्यावर त्याबद्दल ते घरात चकार शब्द बोलत नसत. आजी-आजोबा लवकर गेल्यामुळे बाबांनीच त्यांना वाढवलं होतं, आणि बाबांना न विचारता ते लष्करात गेले होते. ते तिकडे असताना बाबा रोज संध्याकाळी पोस्टमनची वाट पाहत ओट्यावर उभे राहत, असं आईने मला फार पुढे सांगितलं. मोटार, लॉरी, ट्रक या वस्तूंचा बाबांना जो मनस्वी तिटकारा होता तो त्या दिवसांतला असावा, असं आज वाटतं. तेव्हा आम्हाला तो नुसता बाबांचा भित्रेपणा वाटायचा. पाऊस असो, पाय दुखत असोत, बाबा कचेरीला जाताना स्टेशनपर्यंत चालतच जायचे. रेती क्लबाच्या ट्रकच्या पायरीवर त्यांनी कधी बूटही टेकवला नव्हता.

आमच्या सफरी काही फार लांबच्या नसत. कधी मुलुंड-भांडुपच्या मिठागरांपलीकडची सुकलेली खाजणं, जिथे जमीन भाकरीसारखी भेगाळलेली असायची. कधी येऊरच्या पायथ्याची माळरानं. आणि थंडीत, सणासुदीच्या जोडून आलेल्या सुट्टीत, पवई-मरोळवरून पार मालाडला आणि तिथून मार्व्याच्या वाळूवर. वाळूत उतरायच्या आधी काका गाडी थांबवायचे आणि चारही टायरांतली हवा कमी करायचे. टायर पसरट झाला की वाळू त्याला खाली खेचत नाही, हे मला त्यांनी शिकवलं. मग पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ देणारा आखूड दांडा ते खेचायचे, आणि त्यानंतर थांबायचं नाही, करकचून ब्रेक मारायचा नाही, एका लयीत जात राहायचं. तरीही चाकं रुतायचीच. मग खाली उतरून हाताने वाळू उपसायची, चाकांखाली पत्रे आणि गोणपाटं सरकवायची, आणि रमणिकभाईंनी "जय अंबे" म्हटल्याशिवाय ढकलायचं नाही. परत पक्क्या रस्त्यावर आलो की हातपंपाने सगळ्यांनी पाळीपाळीने हवा भरायची. त्या पंपाने माझे दंड इतके दुखायचे की सोमवारी शाळेत फळ्यावर लिहिता येत नसे.

आणि चहा. काका एका कापलेल्या डब्यात वाळू भरायचे, तिच्यावर पेट्रोल ओतायचे, काडी लावायचे, आणि त्या जळत्या वाळूवर दुसऱ्या डब्यात चहा उकळायचे. तिकडे आम्ही असाच करायचो, म्हणायचे. हे 'तिकडे' घरात कधी ऐकू येत नसे. मार्व्याच्या सुरूंखाली, जुझेच्या बायकोने, मार्थाने, दिलेले मैद्याचे तळलेले गोल गरगरीत फुगे आणि आईच्या दशम्या यांची अदलाबदल चाललेली असताना ते आपोआप यायचं. तिकडे तारे इतके खाली यायचे. तिकडे आम्ही मग्गाभर पाण्यात दाढी, आंघोळ आणि रेडिएटर तिन्ही उरकायचो. घरातले गप्प काका आणि हे काका एकच, हे मला रविवारी खरं वाटायचं, सोमवारी वाटायचं नाही.

घरात मात्र त्यांचं काहीतरी बिनसत चाललं होतं आणि ते आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जेवताना शेजारी ठेवलेली पाण्याची लोटी त्यांच्या हाताने लवंडायची. ओट्यावर खेळणाऱ्या शेजारच्या मुलाला ते अडखळायचे. दिवेलागणीनंतर ते बाहेर पडेनासे झाले, आणि माजघराच्या चौकटीवर त्यांचा खांदा सारखा आपटायचा. बाबा चिडायचे. लक्ष कुठे असतं तुझं, म्हणायचे. काका ओशाळून हसायचे आणि सांडलेलं पाणी पुसायला फडकं शोधायचे. आई फडकं उचलून त्यांच्या हातात द्यायची. आता आठवतं, की ती ते नेहमी त्यांच्या अगदी समोर धरायची. तिला तेव्हाच काही कळलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

जे व्हायचं ते मिठागरात झालं. होळीला अजून पुष्कळ अवकाश होता, पण ऊन तापायला लागलं होतं. बांधाखालच्या सपाट जमिनीवरून काका गाडी मजेत हाकत होते. जुझे शेजारी, मी मागे उभी राहून केबिनच्या काठाला धरलेलं. डावीकडून एक बाई डोक्यावर मिठाची टोपली घेऊन येत होती. ती मला दिसली, जुझेला दिसली. काका वेग कमी करतील, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. ते झालं नाही. जुझेने ओरडून हातब्रेक खेचला, गाडी तिरकी घसरली, बाई मागे कोलमडली आणि टोपलीतलं मीठ सगळीकडे उधळलं. तिला लागलं नव्हतं. ती उठली आणि काकांच्या अंगावर आली, तोंडाला येईल ते बोलू लागली. पण काकांचा चेहरा जवळून पाहिला आणि मध्येच गप्प झाली. काका खाली उतरून तिच्या टोपलीत ओंजळीने मीठ भरत होते. भरता भरता त्यांनी हळूच विचारलं,

"कुमे, तुला दिसली होती ती?"

"हो."

"केव्हापासून?"

"आपण बांधावरून उतरलो तेव्हापासून."

त्यांनी मान डोलावली आणि मीठ भरत राहिले. परत येताना गाडी जुझेने चालवली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बाबांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं. डोळ्यांचा हा दोष जन्माचाच, वाळवंटाचा याच्याशी काही संबंध नाही. नजर कडेकडून मिटत येते. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, आणि मग बांबूच्या नळीतून पाहावं तसं फक्त मधलं उरतं. पुढे तेही राहील की नाही सांगता येत नाही. औषध नाही. हे सांगताना बाबांनी अंगातला कोट काढला नव्हता. काका आपल्या कॉटवर बसून ऐकत होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. मग उठून त्यांनी ट्रकची किल्ली जुझेकडे पोचती करायला माझ्या हातात दिली.

त्यानंतरचे रविवार मला आठवतात ते त्यांच्या शांततेमुळे. आई सवयीने पहाटे उठायची आणि चूल पेटवून नुसती बसायची. ट्रक कांजूरला चिंचेखाली उभा राहिला. मार्थाच्या कोंबड्या मागच्या फळ्यांखाली अंडी घालू लागल्या. जुझे आणि रमणिकभाई दर रविवारी यायचे, पण पायी. ओट्यावर बसायचे, कपबशीतून चहा प्यायचे, हवापाण्याचं बोलायचे. ट्रकचं नाव कुणी काढत नसे. गॅरेजच्या मालकाने काकांना सुट्या भागांच्या खोलीत बसवलं होतं. तिथलं त्यांचं काम चांगलं चालायचं, असं जुझे सांगे. पण काका घरी आले की कॉटवर आडवे व्हायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. त्यांना जेवायला उठवायला बाबा स्वतः जायचे. रागावणं बाबांनी पूर्ण सोडून दिलं होतं, आणि मला वाटतं काकांना तेच सगळ्यांत जास्त लागत होतं.

एका दुपारी आई आणि काका पडवीत वाल सोलत बसले होते. मोड आलेले वाल बोटांनी चाचपून सोलायला नजर लागत नाही, म्हणून काकांनी ते काम आपणहून घेतलं होतं. मी तिथेच पुस्तक घेऊन लोळत होते. आत बाबा आरामखुर्चीत. बिरड्याच्या वाटीत दाणे पडल्याचा आवाज तेवढा येत होता. आई खाली पाहतच म्हणाली,

"भाऊजी, एक विचारू? गाडी चालवायला तुम्ही विसरलात असं तर नाही ना?"

"नाही, वहिनी."

"आडवं कुणी आलं तर दिसणार नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग जिथे आडवं यायला कुणी नाहीच, अशी जागा असते का हो कुठे?"

काकांचा हात वालात तसाच राहिला. ते म्हणाले, "असते. मी तिथेच तर होतो."

आतली आरामखुर्ची करकरली. बाबांनी कोट चढवला, वहाणा घातल्या आणि कुठे जातो ते न सांगता बाहेर पडले. ते गेले होते रमणिकभाईंच्या वखारीत. रमणिकभाईंची सासुरवाडी कच्छच्या छोट्या रणाच्या काठी होती. काकांना किती वेळा त्यांनी त्या रणाचं वर्णन ऐकवलं होतं. पावसाळ्यात समुद्र आणि उन्हाळ्यात कोरडं ठणठणीत, झाड नाही, दगड नाही, नजर जाईल तिथवर सपाट. बाबा तेव्हा कान देत नाहीत असं आम्हाला वाटायचं.

बाबांनी रजा काढली. होळीच्या सुट्टीला जोडून आम्ही निघालो. आई, बाबा, काका, मी, रमणिकभाई आणि गाडी चालवायला जुझे. ट्रकच्या मागच्या भागात गाद्या टाकल्या होत्या. बाबा पायरीवर पाय ठेवून जरा थांबले, मग डोळे मिटून चढले आणि ठाण्यापर्यंत त्यांनी ताडपत्रीची दोरी सोडली नाही. प्रवासाचं सगळं सांगत बसत नाही. भिवंडीवरून उत्तरेला, धुळीने केस पांढरे झालेले, ठिकठिकाणी धर्मशाळांत मुक्काम, नद्यांच्या पात्रांतून हळूहळू उतरणं, दशम्या संपल्यावर रमणिकभाईंनी मिळवलेले बाजरीचे रोटले आणि लसणाची चटणी. आई वाटेत इतकी बोलत होती, की घरात ती का बोलत नाही असा मला प्रश्न पडला. काका तेवढे गप्प होते. जुझे मुद्दाम विचारायचा, इंजिनाचा आवाज बरोबर आहे ना रे, आणि काका नुसती मान हलवायचे.

रणाच्या काठच्या गावात रमणिकभाईंच्या मेव्हण्यांनी आमचं अगत्याने केलं आणि सकाळी स्वतः बरोबर येऊन दाखवलं, की ओल कुठवर आहे, मीठ पिकवणाऱ्यांच्या झोपड्या कुठे आहेत, आणि कुठल्या बाजूला दिवसभर गेलं तरी माणूस भेटायचं नाही. मग ते उतरले. जुझेने इंजिन बंद केलं. इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती आणि त्यानंतरही नाही. काकांनी खाली वाकून जमिनीवर तळवा टेकला, बोटांनी भेगा चाचपल्या. तिकडच्यासारखं नाही, म्हणाले. तिकडे वाळू होती, ही माती आहे. पण सपाट आहे खरी. जुझे आपली जागा सोडून मागे येऊन बसला. काका स्टिअरिंगवर बसले. शेजारी कोण बसणार ते काही ठरलं नव्हतं. मी उठले, तेवढ्यात बाबा पुढे गेले आणि दाराच्या त्या भोकातून आत चढून बसले. धोतराचा सोगा त्यांनी मुठीत धरला होता.

"दादा, तू?" काका म्हणाले.

"मीच. चल."

गाडी सुरू झाली. आम्ही मागून त्या दोघांच्या पाठी पाहत होतो.

"बोलत राहा," काका म्हणाले.

"काय बोलू?"

"दिसेल ते."

"काही दिसत नाही."

"मग तेच बोल."

आणि माझे बाबा, जे घरात दिवसभरात मोजकं बोलायचे, ते बोलू लागले. काही नाही. डावीकडे काही नाही. उजवीकडे काही नाही. समोर मोकळं आहे, श्री, सगळं मोकळं आहे. काकांनी वेग वाढवला. ताडपत्री फडफडायला लागली, आईच्या डोक्यावरचा पदर उडाला आणि तिने तो परत घेतला नाही. मध्येच बाबा एकदम ताठ झाले आणि म्हणाले, पाणी आहे पुढे, थांब. काकांनी वेग कमी केला नाही. ते हसत होते. "ते पाणी नाही, दादा. आपण जाऊ तसं ते मागे सरकतं. तिकडे पहिल्या दिवशी मीही ब्रेक मारला होता." बाबांनी पुढे निरखून पाहिलं आणि थोड्या वेळाने, अगदी न राहवून म्हणाले, "खरंच की. सरकतंय." पुढे कुठेतरी रानगाढवांचा कळप बाजूने धावत गेला, पार लांबून. काकांना तो दिसण्यासारखा नव्हता. बाबांनी त्यांना सांगितलं, की रंग ओल्या मातीचा आहे, पोटाकडे पांढरा, आणि धावताना मान हलवत नाहीत, पाय तेवढे हलतात. बाबांना असं काही वर्णन करता येतं हे मला नवीन होतं. काका ऐकत होते आणि चालवत होते, आणि मग आपणहून तिकडचं सांगायला लागले. कुठला तरी मित्र, रात्रीचा काफिला, दिवे बंद करून चालवायची सक्ती, आणि आपल्याला इतरांपेक्षा कमी दिसतं हे तेव्हाच लक्षात येऊन आलेली भीती. वाऱ्यामुळे मला अर्धंच ऐकू आलं. ते माझ्यासाठी नव्हतंही. बाबांनी हात लांब करून काकांच्या मानेवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा काकांनी गाडी थांबवली, पण खाली उतरायच्या ऐवजी ते म्हणाले, "आता तू ये इकडे." बाबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते नको नको म्हणू लागले. या वयात, धोतरात, वेड लागलंय का तुला. आई मागून म्हणाली, "बसा हो. इथे कोण बघतंय?" दोघांनी जागा बदलल्या. काकांनी बाबांचा हात गियरच्या दांड्यावर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. क्लच हळू सोड, दादा. हळू. अजून हळू. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. रमणिकभाई गादीवरून खाली आले. पुन्हा सुरू केली, पुन्हा उडी. जुझे तोंडात रुमाल कोंबून हसत होता. मग एका वेळी ती उडाली नाही. हळूच निघाली आणि चालत राहिली. बाबा स्टिअरिंगला इतकं घट्ट धरून बसले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि काका शेजारी मान मागे टेकून इंजिनाच्या आवाजावरून त्यांना सांगत होते, आता बदल, आता सोड, आता राहू दे असंच.

काकांनी त्यानंतर कधी गाडी चालवली नाही, आणि चालवायची आहे असंही म्हणाले नाहीत. डोळ्यांत उरलेला मधला प्रकाश पुढे बरीच वर्षं टिकला. माझं लग्न त्यांनी पाहिलं, माझ्या मुलीचा चेहरा अगदी जवळ धरून पाहिला. मग तोही गेला. ते आमच्या घरातच म्हातारे झाले, आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा कधी झोपले नाहीत.

बाबांनी परत आल्यावर गपचूप जुझेकडे शिकवणी लावली होती. लायसन्स मिळाल्याचं त्यांनी आम्हाला जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात सांगितलं. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आई चुलीपुढून उठून फाटकापर्यंत आली. कांजूरहून बाबाच ट्रक घेऊन येत होते, काका शेजारी, मी आणि जुझे मागे. रस्ता रिकामा होता आणि तरीही बाबा इतके हळू चालले होते, की रस्त्याकडच्या कुत्र्यांनीही आमच्याकडे लक्ष दिलं नाही. मागून कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला, आमच्या बाजूला आला आणि पुढे निघून गेला. काकांनी कान टवकारले.

"कोण गेलं?"

"मार्था," बाबा म्हणाले.

"पायी?"

"पायी. डोक्यावर भाजीची पाटी आहे."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबांनी वेग वाढवला नाही. "पोचू," ते म्हणाले. "घाई कुणाला आहे?"